उघाडीपलीकडचा चेंडू

गोल्फ हा खेळ मला तत्त्वतः मान्य नाही. आजही नाही. ज्या खेळाला गावाएवढी जमीन लागते आणि खेळायला चौघेच असतात, त्याच्याविषयी मी कॉलेजात असताना जे लिहिलं त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे मी ज्या माणसाविषयी सांगणार आहे त्याने मला गोल्फचा फटका शिकवला, आणि फटका चांगला होता.

ते होमिओपॅथीचे डॉक्टर होते. होमिओपॅथीही मला मान्य नाही. म्हणजे ज्या माणसावर माझा सर्वांत जास्त विश्वास बसला, त्याच्या दोन्ही उद्योगांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

त्यांचा दवाखाना वसईच्या नायगावात, खाडीच्या बाजूला. आत शिरलं की छत्र्या ठेवायच्या डब्यात लोखंडी तोंडाच्या काठ्या उभ्या दिसत. एक पेशंट कुटुंब कॅनडाला गेलं, जाताना 'सांभाळा' म्हणून गोल्फची बॅग आणि फटक्यावरचं एक जाडं इंग्रजी पुस्तक ठेवून गेलं, ते परत काही आलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही सांभाळलं. पुस्तक इतकं सांभाळलं की त्यातल्या आकृत्या पाठ झाल्या. सात नंबरची काठी तर अष्टौप्रहर हाताशी. तिने ते शटर खाली ओढत, वरच्या फळीवरची बाटली पुढे सरकवत, आणि रांगेत घुसणाऱ्याला काही न बोलता मागे दाखवत.

पाठदुखीचा पेशंट आला की आधी जीभ, मग नाडी, मग कोणत्या कुशीवर झोपता हा प्रश्न, आणि मग हातात काठी. 'फिरवा.' एकदा फिरवली की डॉक्टर समाधानाने मान हलवत. त्यांच्या मते माणूस तोंडाने खोटी लक्षणं सांगतो, फटक्यात खरी. बँकेतला माणूस चेंडूजवळ आला की हात आखडता घेतो. रिक्षावाला हँडल पिळल्यासारखं मनगट पिळतो. शिक्षकाची मान फटक्याआधीच वळते, मागे कोण बोलतंय ते बघायला. चर्चचे फादर गुडघ्यासाठी येत, त्यांच्याबद्दल डॉक्टर म्हणत की फादर मारत नाहीत, चेंडूला आशीर्वाद देऊन पाठवतात. ही गोष्ट मला फादरांनीच सांगितली, आणि सांगताना तेच जास्त हसले.

रोगांची नावंही त्यांचीच. काठी चेंडूच्या आधी जमीन उकरते, तो नांगऱ्या. चेंडू सरळ निघून उजवीकडे वाहवत जातो, तो भरकट्या. काठी चेंडूच्या डोक्यावर बसते आणि तो जमिनीवरून पळतो, तो सरपट्या. काठी कशी धरायची याला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं: ओला बोंबील धरल्यासारखी. दाबलात तर हातात लगदा, सोडलात तर मांजराचा.

माझी आणि त्यांची गाठ पत्रकामुळे पडली. आमच्या घरी पत्रकांचाच राबता. वडील डाव्या चळवळीतले, आई त्यांच्याहून कडक. मला पहिलं जोडाक्षर आलं ते 'धिक्कार'मधलं, आणि शाळेच्या पुस्तकांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची असत. तेव्हा नायगावच्या खाडीकाठी टॉवर आणि मधोमध गोल्फचं हिरवंगार मैदान, अशी भली मोठी जाहिरात लागली, त्या आठवड्यात मी विरारच्या चंदनसारहून गठ्ठा घेऊन हजर झाले. पत्रक पाठपोट भरलेलं, मागण्या चौदा, अक्षर बारीक.

डॉक्टरांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. घडी घातली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सरपट्या मारतेस."

मी विचारलं, काय मारते?

"चेंडू. काठी त्याच्या डोक्यावर बसते तुझी."

मी ताठ आवाजात सांगितलं की गोल्फची काठी मी जन्मात हातात धरलेली नाही आणि धरणारही नाही.

"मग शिव्या कुठल्या अनुभवावर देतेस?" त्यांनी सात नंबरची पुढे केली. "धर."

तत्त्वासाठी धरली. शत्रूची हत्यारं माहीत असावीत असं वडील म्हणतात. दवाखान्याच्या मागे त्यांचं शेत होतं, तिथे पहिलाच चेंडू मी असा मारला की तो बेडकासारखा टुणटुणत गेला आणि डॉक्टरांच्या चपलेशी थांबला. मला राग आला तो चेंडूचा नाही, त्यांनी आधीच सांगितल्याचा.

त्यांना कसं कळलं, ते त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. "पत्रक दिलंस, पण हात मागे घेतला नाहीस. मी वाचतोय का, कुठल्या ओळीवर आलो, पटलं का, सगळं बघत उभी. फटका पुरा व्हायच्या आधी मान वर. सरपट्याचं दुसरं कारण नसतं."

नंतर माझ्या फटक्याला भरकट्याही लागला. चेंडू दर वेळी उजवीकडे जायचा. त्यावर आमच्या गटातल्या मित्रांनी केलेले विनोद मी इथे देत नाही.

ते शेत आता डोळ्यांसमोर आणावं लागेल, कारण सगळं घडलं ते त्याच्यापायी. चिंचोळी पट्टी होती, घरामागून खाडीच्या बांधापर्यंत गेलेली. भरतीचं पाणी पाझरून माती खारावलेली, भात कधीच बंद झालेलं. बांधाच्या टोकाला उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. गावात पडलेला सगळा पाऊस त्या एका दारातून खाडीत जातो. दार डॉक्टरांच्या हद्दीत, आणि तिथवर जाणारा नालाही. भावांनी आपापले तुकडे टॉवरवाल्यांना विकले होते. ही पट्टी गेली की भराव पडणार, नाला बुजणार, आणि पाणी घरांत बसणार. पत्रकातली माझी अकरावी मागणी हीच होती.

उघाडीच्या पलीकडे बांबूंवर कोळ्यांचं एक जुनं डोल जाळं, पिशवीसारखं, टांगलेलं होतं, पाचूबंदरच्या एका पेशंटबाईने औषधाच्या बदल्यात दिलेलं. चेंडू उघाडीवरून गेला की जाळ्यात पडे. गेला नाही की चिखलात, आणि चिखलातला चेंडू ज्याचा त्याने काढायचा. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, मागच्या दारात पाटावर बसून काहीतरी निवडत असायच्या. त्यांनी काठी कधी फिरवून पाहिली नाही, पण कोणाचा चेंडू कुठे पडला हे त्यांना मान वर न करता कळायचं.

माझा सरपट्या गेला तो असा. डॉक्टरांनी खिशातून साबुदाण्याएवढी एक साखरेची गोळी काढली आणि चेंडूच्या बोटभर पुढे मातीवर ठेवली. म्हणाले, चेंडूचं मला काही सांगू नकोस. फटका मारून झाला की गोळी जागेवर आहे की नाही, एवढंच सांग.

मी मारला. हाताला काहीच लागलं नाही असं वाटलं, नुसता एक कोरडा टक्क आवाज. मी खाली बघत होते. गोळी नव्हती. तिच्या जागी मातीवर नखाएवढी खरवड होती आणि एक मुंगी चक्रावून फिरत होती.

"गोळी नाही," मी म्हटलं.

"पलीकडं गेला बाय," दारातून काकू म्हणाल्या. "जाल्यात हाय."

मी तो चेंडू उडताना पाहिलाच नाही. आयुष्यातला माझा सर्वांत चांगला फटका मी एका मुंगीसोबत घालवला.

डॉक्टरांचा नियम एकच होता आणि दवाखान्यात तो भिंतीवर लिहिला नव्हता इतकंच. एका वेळी एक औषध. फटक्यातही तसंच. एक सूचना दिली की शरीर ऐकतं, दोन दिल्या की दोघींत भांडण लावून देतं आणि स्वतः बसून राहतं. नांगऱ्या असो, सरपट्या असो, ते गोळी ठेवत आणि गप्प बसत. विशेषतः आमच्याकडच्या पोरांसाठी तो उतारा होता. वसई-विरारचं पोरगं चालायला लागायच्या आधी टेनिस बॉल उचलायला शिकतं. मऊ चेंडू, त्याला खालून हात घालून वर फेकावं लागतं. गोल्फचा चेंडू खाली दाबला की आपण होऊन वर जातो, हे इथे कोणाच्या गळी उतरत नाही. खालचा हात उचल खातोच, आणि काठी मातीत. गोळी मात्र चेंडूच्या पुढे असते, तिच्यापर्यंत पोचायचं तर उचलणं विसरावं लागतं.

माझ्या पत्रकालाही त्यांनी औषध दिलं. घडी उलगडून अकराव्या मागणीवर नख ठेवलं आणि म्हणाले, बाकी तेरा काप. मी त्यांच्याशी तासभर वाद घातला. मागण्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत, व्यवस्था ही एक साखळी आहे, वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "पत्रक घरी नेऊन वाचायला वेळ असलेला माणूस तू कधी पाहिलास?" महिनाभराने आम्ही नवं पत्रक काढलं. त्यावर एकच ओळ, ठसठशीत: उघाडी बुजली तर पाणी कुठे जाईल? ते लोकांनी वाचलं. माझ्यासाठी वाईट म्हणजे, एकमेकांना वाचून दाखवलं.

आता त्यांच्यातली सर्वांत विचित्र गोष्ट. डॉक्टर जन्मात कधी गोल्फ खेळले नव्हते. खरं मैदान त्यांनी रस्त्यावरून, कुंपणाच्या फटीतून पाहिलं होतं, तेही एकदाच. खेळाबद्दल विचारलं की झटकून टाकत. भोकात चेंडू घालायचाच तर वाकून हाताने घालावा, म्हणत. मला ते पटायचं. पण काकू एकदा शेंगा सोलता सोलता पुटपुटल्या, "झोपंत बी गवतावर चालतान ते," आणि मग मला ते झटकणं जरा जास्तच जोरात वाटायला लागलं.

टॉवरवाल्या शेठनाही हे कोणीतरी सांगितलं असावं. शेठ आमच्याच विरारचे. तरुणपणी टेनिस बॉलच्या सामन्यांत छपरांवर षटकार टाकणारे म्हणून त्यांचं नाव होतं, आणि ते नाव पुढे टॉवरवरही चढलं. ते आले ते टेम्पोत हिरवळीची गुंडाळी घालून. चटई अंथरावी तशी त्यांनी ती पट्टीवर अंथरली. अर्धा गाव बांधावर गोळा झाला.

शेठ म्हणाले, डॉक्टर, ही पडीक जमीन मला द्या, मी तुम्हाला खरं गवत देतो, मैदान तुमच्या हाताखाली, सकाळ-संध्याकाळ तुमची, बाकी सगळे तुमचे शिष्य.

डॉक्टरांनी चपला काढल्या आणि गवतावर उभे राहिले. पायाची बोटं तेवढी हळूहळू आत रुतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि पत्रकात ज्याला आम्ही 'प्रलोभन' म्हणतो ते दिसतं कसं, हे तेव्हा पाहिलं. काकू उठून आत गेल्या.

"सही करतो," डॉक्टर म्हणाले. "अट एकच. ह्या जागेवरून एक चेंडू उघाडीपलीकडे टाका. तुमच्या हाताने."

शेठ बांधाकडे बघून हसले. "एवढंच? आज टाकू की उद्या?"

"कवापन," डॉक्टर म्हणाले. गावच्या लोकांसमोर ते गावचंच बोलत.

शेठनी बाह्या वर केल्या, आणि पहिल्याच फटक्यात अर्धा किलो चिखल स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर घेतला. बांधावर कोणी हसलं नाही. छपरावर षटकार टाकणाऱ्या माणसाला इतक्या लोकांसमोर हसणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापेक्षा ते गप्प राहिले, आणि ते शेठना जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांवर तुटून पडले. गावाचं पाणी ही पैजेला लावायची वस्तू नाही, सामूहिक हक्कावर एकट्याने बोली लावता येत नाही, असं बरंच. त्यांनी काठी पुसत उत्तर दिलं, "नाही म्हटलं तर उद्या वकील येतो. अट घातली तर तो स्वतः येतो."

आणि शेठ आलेच. रोज संध्याकाळी, कामावरून परस्पर. "तुम्हीच शिकवा," त्यांनी डॉक्टरांना हुकूम सोडला, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. मी बांधावर बसून दात खात बघायचे. पाय जुळवा, म्हणाले डॉक्टर. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाय तसेच, पण उजवा खांदा जरा खाली. मग डावं कोपर सरळ. मग वजन टाचेवर, मागे जाताना उजव्या, पुढे येताना डाव्या. मग श्वास अर्धा सोडून धरा. अंगठा देठावर. हनुवटी उंच, नजर खाली. शेठ खुश होते. एकदा मला म्हणाले, "तुला काय एकच गोष्ट शिकवली ना? मला बघ किती शिकवलं." चेंडूपुढे उभे राहिले की त्यांचे ओठ हलत, जपाला बसल्यासारखे. मग काठी वर जाई, वर जाऊन कशाची तरी आठवण काढी, आणि खाली येऊन मातीत घुसे.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला, आणि आलं ते जमिनीकडे बघताना. शेठच्या चेंडूपुढे गोळी नव्हती. एकदाही नव्हती.

शेठ गेल्यावर मी सरळ विचारलं. हे बरोबर नाही, म्हटलं.

"काय खोटं सांगितलं मी?"

काही नाही.

"पुस्तकात नाही असं काही?"

सगळं आहे.

"मग?"

"गोळी कुठे आहे?"

डॉक्टरांनी काठीचं तोंड शर्टाला पुसलं, उजेडात धरून बघितलं, पुन्हा पुसलं. "गोळी पेशंटला," ते म्हणाले. "शेठ गिऱ्हाईक आहेत."

मी म्हटलं की आपली बाजू खरी आहे, ती युक्तिवादाने जिंकली पाहिजे, लबाडीने नाही.

"जिंक ना. तोवर मी पाणी जाऊ देतो."

एकदा मात्र सगळं संपत आलं होतं. शेठ चेंडूपुढे उभे असताना त्यांचा फोन वाजला. चिडून त्यांनी ओठ हलवायचे राहू दिले आणि काठी नुसती झाडली. तोच कोरडा टक्क आवाज. चेंडू उंच उठला, सरळ गेला आणि उघाडीच्या लाकडी चौकटीवर आपटून अलीकडे पडला. काकूंची सुरी भाजीवर थांबलेली. आणि डॉक्टर? डॉक्टरांचा चेहरा आपली मुलगी लग्नाच्या साजात बघावी तसा उजळला होता. "सुंदर," ते पुटपुटले, अगदी मनापासून. घरदार, गाव, नाला सगळं विसरून. मग भानावर आले, दोन पावलं पुढे झाले आणि म्हणाले, "फक्त तो डावा अंगठा..."

शेठ नंतर मुंबईच्या एका मोठ्या क्लबात शिकायला गेले. तिथल्या कोचने त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं करून आणखी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. परत आले तेव्हा त्यांना चेंडूसमोर उभं राहायलाच डॉक्टरांच्या एका पेशंटएवढा वेळ लागू लागला. बंगळूरहून मागवलेले हातमोजे आले. दोन पावसाळे गेले. उघाडी भरतीला मिटत राहिली, ओहोटीला उघडत राहिली. आमच्या एका ओळीच्या पत्रकाच्या चार आवृत्त्या निघाल्या, आणि भरावाविरुद्धच्या आमच्या अर्जावर सुनावणीच्या तारखा पडत राहिल्या, म्हणजे युक्तिवादही त्याच्या गतीने चालूच होता.

शेठनी आणलेलं गवत खाऱ्या मातीत आठवड्यात पिवळं पडलं. फक्त एक तुकडा हिरवा राहिला, घराच्या भिंतीशी, दोन पावलं मावतील एवढा. डॉक्टर पहाटे पिण्याच्या पाण्याचा तांब्या त्यावर रिकामा करत आणि अनवाणी उभे राहत. मी एकदा पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

डॉक्टर गेले ते झोपेत. मी पोचले तेव्हा काकू दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "उजव्या कुशीवर व्हते," जणू मी विचारणारच होते.

तेराव्यानंतर शेठ भेटायला आले. बराच वेळ बसले, खरोखरच वाईट वाटलेल्या माणसासारखे. मग जमिनीचा विषय काढला. काकूंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "त्यांचा शबुद हाय. चेंडू पलीकडं टाका, सही घ्या. मी कोन नाय बोलनार?" छत्र्यांच्या डब्यातून त्यांनी सात नंबरची काढून शेठच्या हातात दिली.

शेठ अजून येतात. आता रविवारी. मीही असतेच, कधी पत्रकांचा गठ्ठा घेऊन, कधी नुसतीच. त्या हिरव्या तुकड्यावर काकू रोज पाणी घालतात.

मागच्या रविवारी शेठचे सगळे चेंडू चिखलात गेले. शेठनी हातमोजे काढले, माझ्याजवळ बांधावर येऊन बसले. घामाने डबडबलेले, शर्टावर चिखलाचा पट्टा. टॉवरवर नाव असलेला माणूस हा नव्हताच.

"मॅडम," ते म्हणाले. मला ते पहिल्यांदाच मॅडम म्हणाले. "तुम्ही एकदा पलीकडे टाकलाय म्हणतात. खरं सांगा. माझं नेमकं चुकतं काय?"

मला माहीत होतं. नायगावातल्या कोणालाही माहीत होतं. खालचा हात उचल खातो. चेंडूपुढे बोटभर अंतरावर एक पांढरी गोळी ठेवायची आणि गप्प बसायचं, एवढंच औषध. गोळ्यांची बाटली काकूंच्या कमरेच्या पिशवीत असते, मुंग्यांनी खाऊ नये म्हणून. काकू जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मान काही त्यांनी वर केली नाही.

मी खोटं बोलत नाही. घरची शिकवण आहे.

"शेठ," मी म्हटलं, "दोन गोष्टी सांगते."

काकूंचे हात पुन्हा जवळ्यावर चालू लागले.